लघवीतली शुगर घरी कशी बघायची? आधी सकाळची पहिली लघवी आणणं थांबवा

आमच्या लॅबचं शटर सकाळी सातला वर जातं, तेव्हा पायरीवर दोन-तीन जण आधीच उभे असतात. कुणाच्या हातात कॅरीबॅगेत गुंडाळलेली बाटली, कुणाच्या पिशवीत रुमालाखाली लपवलेली डबी. "ताई, लघवीत शुगर यायलीय का बघा की. सकाळची पहिली आणलीय, एकदम ताजी." सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या या छोट्या लॅबमध्ये बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. आणि बावीस वर्षं सांगतेय की गर्भ राहिलाय का ते बघायला किंवा लघवीतून प्रथिनं जातात का ते बघायला सकाळची पहिली लघवी उत्तम, पण शुगर शोधायला दिवसभरातला सगळ्यात कुचकामी नमुना तोच.

रात्री आठ-नऊला जेवलेलं सकाळपर्यंत जिरून गेलेलं असतं. सुरुवातीच्या मधुमेहात जेवणानंतर चढलेली साखर पहाटेपर्यंत बरीच खाली आलेली असते. शिवाय रात्रभर मूत्राशयात साठलेली लघवी म्हणजे सात-आठ तासांची मिसळ. त्यातल्या एखाद्या तासात साखर उतरली असली तरी बाकीच्या तासांच्या लघवीत ती विरून जाते. साखर बघायला लघवीत बुडवलेली रंगाची पट्टी निळी-हिरवी आहे तशीच राहते आणि माणूस खुशीत घरी जातो.

माझे मामा असेच खुशीत राहिले. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस. तीन वर्षं लागोपाठ कुठल्या ना कुठल्या आरोग्य शिबिरात लघवी देऊन आले आणि तिन्ही वेळा कागदावर 'शुगर निल' असं लिहून मिळालं. ते कागद त्यांनी रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते. चौथ्या वर्षी पायाच्या अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरेना, म्हणून मी रक्त घेतलं. उपाशीपोटी १५२, जेवणानंतर २३८. शिबिरवाले खोटं बोलले नव्हते. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या लघवीत खरोखरच साखर नव्हती. पण 'लघवीत साखर नाही' आणि 'शुगर नाही' या दोन वाक्यांतला फरक मामांना कुणी सांगितला नव्हता.

हिप्परग्याचा सांडवा

हे समजवायला मी नेहमी हिप्परग्याच्या तलावाचं उदाहरण देते. तलाव किती भरलाय ते सांडव्यापाशी उभं राहून कळत नाही. सांडव्यावरून पाणी पडत असेल तर तलाव काठोकाठ भरलाय एवढं नक्की. पण सांडवा कोरडा असेल तर? तलाव तळाला गेलेला असेल किंवा काठाच्या वीतभर खाली असेल. दोन्हीत सांडवा कोरडाच दिसतो.

आपल्या मूत्रपिंडांचंही तसंच. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव ती गाळतात. त्या गाळण्यात रक्तातली साखरही खाली उतरते, पण मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या ती जवळजवळ सगळी परत शोषून घेतात. म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत पट्टीला कळेल एवढी साखर नसते. या नळ्यांच्या शोषण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की परत शोषणं कमी पडतं आणि उरलेली लघवीत सांडते.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ झाली की मधुमेह धरतात. सांडवा आहे १८० ला. मधल्या पट्ट्यात असलेल्या माणसाला मधुमेह आहे, पण त्याची लघवी स्वच्छ. मामा याच पट्ट्यात होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची तर गोष्टच सोडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. हे उंबरठ्यावरचे लोक लघवीच्या पट्टीला बहुधा दिसतच नाहीत.

आणखी एक गोष्ट. सांडव्याची उंची प्रत्येकाची वेगळी असते. वय वाढलं, मधुमेह जुना झाला की ती वर सरकते, त्यामुळे रक्तात २०० च्या वर साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी कोरी निघू शकते. गरोदरपणात ती खाली येते, म्हणून अगदी ठणठणीत गर्भवतीच्याही लघवीत साखर दिसते. काही कुटुंबांत ती जन्मजातच खाली असते. त्यांच्या लघवीत आयुष्यभर साखर, रक्त मात्र नॉर्मल. हा आजार नव्हे, पण रक्त तपासल्याशिवाय हे सांगता येत नाही.

वेगवेगळ्या अभ्यासांत लघवीच्या तपासणीने १०० मधुमेहींमागे कुठे २१, तर कुठे ६४ जण पकडले. बाकीचे सुटले. उलट मधुमेह नसलेल्याला चुकून 'आहे' म्हणण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आतच राहिलं. म्हणजे पट्टी 'आहे' म्हणाली तर दखल घ्यायची आणि 'नाही' म्हणाली तर तिचं फारसं मनावर घ्यायचं नाही. पुढची सगळी कृती याच हिशेबाने लिहिली आहे.

पहिलं काम टेपने

पट्टी विकत घेण्याआधी शिंप्याचा टेप घ्या. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत तयार केली आहे. ती घरच्या घरी, थेंबभर रक्त किंवा लघवी न लागता जमते.

वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ८० ते ८९ ला १०, नव्वद किंवा जास्त असेल तर २०. पुरुषांसाठी हेच आकडे दहाने वर, म्हणजे ९० च्या आत शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभरपासून पुढे २०. नियमित व्यायामही आणि अंगमेहनतीचं कामही असेल तर शून्य, दोन्हीपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. सगळी बेरीज करा. ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा, ३० ते ५० म्हणजे मध्यम.

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका अक्काचा हिशेब मी तिच्यासमोरच मांडला होता. वय ४८, म्हणून २०. कंबर ८८, म्हणून १०. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. ती म्हणाली, "काम तर लई करते की मी." बोटं दिवसभर पळतात हे खरं, पण शरीर जागचं हलत नाही. त्यामुळे ३०. आईला शुगर होती, त्याचे १०. एकूण ७०.

साठ किंवा जास्त गुण आले तर लघवीच्या पट्टीची वाट बघू नका, सरळ रक्त तपासा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी करणं हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा गावाकडे असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. आशाताईला विचारलंत तर तीही सांगेल.

मग लघवीची पट्टी कशासाठी? बोटाला सुई टोचायची म्हटलं की पळ काढणारे सासरे प्रत्येक घरात एक तरी असतात, त्यांच्यासाठी. आठ-दहा जणांच्या घरात सगळ्यांची एकदम चाळणी करायची असेल तर. रक्त तपासायची सोय हाताशी नसेल तर. लघवी देताना दुखत नाही, खर्च कमी, आणि पट्टीचा रंग बदललेला डोळ्यांनी बघितला की रक्त द्यायला माणूस आपणहून तयार होतो. माझ्या अनुभवात पट्टीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

वेळ साधणं: इथेच सगळी तपासणी जिंकते किंवा हरते

दिवसातलं तुमचं सगळ्यात मोठं जेवण निवडा. बहुतेकांचं दुपारचं. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर पाळीआधीचं किंवा सुटीनंतरचं, जे भरपेट असेल ते. घड्याळात दुपारचा एक वाजलाच पाहिजे असं काही नाही.

जेवायला बसण्याआधी लघवी करून मूत्राशय रिकामं करा. ही लघवी टाकून द्यायची. हे विसरलात तर सकाळपासूनची जुनी लघवी नव्यात मिसळेल आणि पुन्हा तीच मिसळ होईल.

मग नेहमीसारखं जेवा. भाकरी-भाजी असेल तर भाकरी-भाजी, शेंगाचटणीवर तेल घेत असाल तर तेल. "उद्या तपासणी आहे" म्हणून आदल्या दिवशी भात सोडणारे लोक मी रोज बघते. त्यांना डॉक्टरांसमोर पास व्हायचं असतं. पण इथे पास होऊन तुमचं नुकसान होतं. त्याचप्रमाणे मुद्दाम गोड खाऊनही बसू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतून फिरून, गोडधोड खाऊन आल्यावर लगेच तपासणी करायची नाही.

जेवणाच्या पहिल्या घासाची वेळ लिहून ठेवा. शेवटच्या घासाची नव्हे. तिथून दोन तासांनी जी लघवी होईल ती नमुना. मधल्या दोन तासांत लघवीला जायचं नाही. अगदीच धरवलं नाही तर जा, पण मग तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

या दोन तासांत पाणी तहानेपुरतं प्या. पट्टी लघवीतली साखर किती दाट आहे ते बघते. दोन तांबे पाणी ढोसलं तर लघवी पातळ होते आणि थोडी असलेली साखर पट्टीच्या पकडीत येत नाही. उलटही होतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि लघवी गडद पिवळी, दाट होते. त्या दिवसांत पट्टीवर 'थोडी' दिसलेली साखर मला 'थोडी' एवढंच सांगते, किती ते नाही. म्हणून रंगाच्या छटेवरून आजार वाढला की कमी झाला असा निष्कर्ष काढू नका.

एका दिवसाच्या कोऱ्या पट्टीवर थांबू नका. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, मोठ्या जेवणानंतर करा.

भांडं

एक काका एकदा नमुना घेऊन आले. पट्टी टाकली तर रंग थेट शेवटच्या खान्यात. काकांचा चेहरा पडला. मी बाटली उलटी करून बघितली तर तळाशी अर्धवट निघालेलं लेबल: मध. मधात भरपूर ग्लुकोज असतं. बाटली काकूंनी धुतली होती, पण मध तळाच्या कडेला चिकटून होता. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या, वाळवलेल्या भांड्यात नमुना आणला तेव्हा पट्टी कोरी. मधामुळे मधुमेही ठरलेला असा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

म्हणून मधाची, खोकल्याच्या औषधाची, सरबताची, जॅमची बाटली नको. औषध दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा नमुन्याचा डबा सगळ्यात बरा. नसेल तर काचेचा ग्लास साबणाने धुऊन, साध्या पाण्याने तीनदा विसळून, पालथा घालून पूर्ण कोरडा करा.

आणखी एक खास आपल्या गावची अडचण. पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, घागरी भरून ठेवतो आणि त्यात क्लोरिनचे थेंब किंवा ब्लीचिंग पावडर टाकतो. भांडी घासायला, फरशी पुसायलाही ब्लीच वापरतो. ब्लीच राहिलेल्या भांड्यात पट्टीचा रंग साखर नसतानाही बदलू शकतो. नमुन्याचं भांडं शेवटी साध्या पिण्याच्या पाण्याने विसळा आणि वाळू द्या.

नमुना घेतल्यावर तासाभरात तपासा. बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि ते साखर खातात. दुपारी एकची लघवी संध्याकाळी लॅबला आणली तर आम्हाला जंतूंचं जेवण झाल्यावरचं ताट बघायला मिळतं. उशीर होणारच असेल तर झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि तपासण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पट्टी

औषध दुकानात लघवीतल्या साखरेची पट्टी मागा. काही पट्ट्यांवर एकच चौकोन असतो, फक्त साखरेचा. काहींवर दोन, साखर आणि प्रथिनं किंवा साखर आणि कीटोन. चाळणीसाठी कुठलीही चालते.

ही पट्टी ग्लुकोजच ओळखते, दुसरी साखर ओळखत नाही. तिच्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते ग्लुकोजशी क्रिया करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याने रंग बदलतो. १९५६ साली अशी बुडवायची पट्टी बाजारात आली आणि त्याआधीचं, टेस्ट ट्यूबमध्ये लघवी उकळून साखर बघण्याचं काम संपत गेलं.

पट्ट्यांचा डबा घेताना मुदत बघा. उघडल्यानंतर किती दिवस चालते हेही डब्यावर छापलेलं असतं. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. डब्यातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. सोलापुरात पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये कपाटातसुद्धा एवढं तापमान राहत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं म्हटलं तर ओल लागण्याची भीती, आणि अनेक कंपन्या फ्रीजला मनाई करतात. डब्यावरची सूचना वाचा. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आणि शक्य असेल तर ही तपासणी थंडीत करून घ्या.

पट्टी जिवंत आहे की मेली हे बघायची सोपी युक्ती आहे. अर्धा कप पाण्यात चिमूटभर ग्लुकोज पावडर विरघळवून त्यात एक पट्टी बुडवा, रंग बदलला पाहिजे. दुसरी साध्या पाण्यात बुडवा, बदलता कामा नये. स्वयंपाकघरातली साखर वापरू नका. ती सुक्रोज असते, पट्टी तिला ओळखत नाही, आणि तुम्ही चांगली पट्टी फेकून द्याल. दोन पट्ट्या वाया गेल्या असं वाटेल, पण मेलेल्या पट्टीवर अख्ख्या घराला 'निल' ठरवण्यापेक्षा ते परवडतं.

आता प्रत्यक्ष कृती. कोरड्या हातांनी एक पट्टी काढा आणि झाकण लगेच लावा. रंगीत चौकोनाला बोट लावू नका. चौकोन पूर्ण बुडेल अशी लघवीत बुडवून सेकंदभरात बाहेर काढा. जास्त वेळ बुडवली तर रसायन धुऊन जातं. पट्टीची कड भांड्याच्या काठाला टेकवून जास्तीचा थेंब झटका. पट्टी आडवी धरा. मोबाइलमध्ये सेकंद लावा. साखरेसाठी बहुतेक ठिकाणी ३० सेकंद लिहिलेले असतात, पण तुमच्या डब्यावर जे असेल तेच खरं. त्या सेकंदाला रंग जुळवा. पाच मिनिटांनी पुन्हा येऊन "आता गडद झाली की!" म्हणू नका, तो रंग मोजायचा नसतो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा आणि तपकिरी यांतला फरक चांगल्या-चांगल्यांना कळत नाही.

डब्यावर रंगांखाली १००, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. हे लघवीतल्या साखरेचे आहेत, रक्तातल्या नव्हेत. "ताई, माझी शुगर हजार झाली" म्हणून घाबरून आलेल्या माणसाचं रक्त मी तपासलं, ते २६० निघालं. तेही कमी नाही, पण हजार नव्हे.

पट्टीला फसवणाऱ्या दोन गोष्टी मी आधीच विचारते. एक, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. मोठ्या मात्रेत घेतलेलं व्हिटॅमिन सी लघवीत उतरतं आणि पट्टीचा रंग येऊ देत नाही. साखर असून पट्टी कोरी राहते. दोन, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत, मुद्दाम लघवीत सांडवतात. मधुमेहाबरोबरच हृदयाची ताकद कमी झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या आजारातही त्या देतात. हृदयासाठी ही गोळी चालू असलेल्या एका अण्णांची पट्टी सुनेने हौसेने केली. शेवटचा खाना. घरात रडारड. रक्तातली साखर नॉर्मल होती. गोळी तिचं काम करत होती, एवढंच. ही गोळी चालू असेल तर लघवीतल्या साखरेवरून काहीही ठरवू नका आणि पट्टी बघून गोळी बंदही करू नका.

बेनेडिक्ट: जुन्यांसाठी थोडक्यात

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये केलेली ही परीक्षा अनेकांना आठवते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८ मध्ये हे निळं द्रावण मांडलं. त्यात मोरचूद असतो. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिलिलिटर द्रावण घ्यायचं, आधी नुसतंच उकळून रंग बदलत नाही ना ते बघायचं, मग लघवीचे आठ थेंब टाकून दोन मिनिटं उकळायचं आणि थंड झाल्यावर बघायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवट, पिवळं, नारिंगी, विटकरी अशा क्रमाने साखर जास्त.

घरी हे करू नका. उकळता द्राव ट्यूबमधून अचानक उसळतो आणि तोंडावर येतो. शिवाय ही परीक्षा फक्त ग्लुकोज ओळखत नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीत दुधाची साखर उतरते, तिलाही ती 'आहे' म्हणते. तान्ह्या बाळाच्या एका दुर्मीळ आजारात, गॅलॅक्टोज पचत नाही तेव्हा, तिचा हाच दोष उपयोगी पडतो. पण तो वेगळा विषय.

मुंग्यांबद्दलही इथेच सांगते, कारण रोज कुणी ना कुणी विचारतं. लघवीला आणि शरीराला मुंग्या लागणं हे लक्षण चरकसंहितेत आलंय. पण मुंग्या लागल्या नाहीत म्हणून शुगर नाही असं ठरवणं म्हणजे पुन्हा सांडव्यापाशी उभं राहणं. आणि मोरीत मुंग्या दिसण्याची दहा कारणं असतात.

रंग बदलला तर

एकदा रंग बदलला तरी पुरे. पुन्हा पुन्हा पट्ट्या खपवत बसू नका. शेजारणीच्या गोळ्यांतली अर्धी गोळी घेऊ नका, मेथीचं पाणीही सुरू करू नका. चार दिवसांत रक्त द्या.

रक्ताचे आकडे असे वाचायचे. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही न घेता, १२६ किंवा जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त. तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. यातलं काहीही मधुमेहाकडे बोट दाखवतं. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. लक्षणं असतील आणि कुठल्याही वेळेची साखर २०० किंवा जास्त असेल तर तेवढं पुरतं. रक्त खूप कमी असलेल्या बायकांमध्ये तीन महिन्यांची शुगर फसवू शकते. त्यांनी हिमोग्लोबिन शेजारी ठेवूनच ती वाचून घ्यावी.

गर्भवतीने पट्टीवर विसंबूच नये, पट्टी रंगली तरी आणि कोरी राहिली तरी. तिच्यासाठी सरकारी पद्धत ठरलेली आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, उपाशी असण्याची गरज नाही, आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची.

मधुमेह आधीच असलेल्यांनी पट्टीवरून इन्सुलिन किंवा गोळीची मात्रा बदलू नये. कोऱ्या पट्टीमागे रक्तातली साखर १७० असेल किंवा ५० असेल. पन्नासवाला चक्कर येऊन पडेल आणि पट्टीला पत्ताही लागणार नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र क्षणभरही थांबायचं नाही. शाळकरी मूल अचानक खूप पाणी पितंय, रात्री अंथरूण ओलं करायला लागलंय, खाऊनही वाळतंय, आणि पट्टीचा रंग बदलला, तर "उद्या लॅब उघडली की बघू" हे नको. त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी रक्त. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, गुंगी, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यातलं काही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करा आणि सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या. लहान मुलांचा मधुमेह तासातासाने बिघडतो.

चिठ्ठी

डॉक्टरांकडे जाताना नुसतं "लघवीत शुगर आली" असं सांगू नका. एका कागदावर चार ओळी लिहा: तारीख आणि पहिल्या घासाची वेळ, नमुन्याची वेळ, डब्यावरच्या कुठल्या खान्याशी रंग जुळला ते, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. गोळ्यांची नावं वाचता येत नसतील तर रिकामी पाकिटं सोबत न्या. विडी घरकुलातल्या अक्काने माझ्याच पेनाने लिहून घेतलं होतं: 'जेवण १:१०, लघवी ३:१५, दुसरा खाना.' गोळ्यांच्या ओळीत फक्त एक आडवी रेघ. तेवढ्या कागदावर डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या पायरीवर उभी होती. या वेळी हातात बाटली नव्हती, उपाशीपोटी रक्त द्यायला आली होती.